अरबी बोलायला शिकायचीय? आधी घरातल्या बाळाकडे नीट बघा

माझी भाची ११ महिन्यांची, मी ३४ वर्षांचा, आणि सध्या नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात दोघंही भाषा शिकतोय. ती मराठी, मी अरबी, कारण कुवेतला कामाचं जमतंय. तिचं मस्त चाललंय. माझे पहिले दोन महिने पार पाण्यात गेले, ते कसे गेले ते सांगतो म्हणजे तुमचे तरी वाचतील.

मी काय केलं, तर वही घेऊन अलिफ, बे, ते गिरवत बसलो आणि पुस्तकातली वाक्यं पाठ केली. पुस्तकातली म्हणजे फुस्हा, ती बातम्यांत, भाषणांत चालते, पण घरात आणि दुकानात तशी कोणी बोलत नाही. "कसा आहेस" याला पुस्तकात कैफ हालुक, इजिप्तमध्ये इझ्झय्यक, लेबनॉनकडे कीफक आणि कुवेतला श्लोनक, म्हणजे शब्दशः तुझा रंग कसा आहे! त्यामुळे पहिलं काम हे की कुठे जायचंय ते पक्कं करा आणि तिथलीच बोली धरा. यूट्यूबवर आज इजिप्तचा व्हिडिओ, उद्या सीरियाचा असं केलंत तर खिचडी होते, माझी झालीच होती.

मग कान. बाळ आईच्या पोटात शेवटच्या तीनेक महिन्यांतच आवाज ऐकायला लागतं, सहाएक महिन्यांचं झालं की बाबाबा दादादा करतं आणि पहिला शब्द यायला वर्ष जातं. तोवर कोणी त्याला "बोल ना, किती दिवस झाले" म्हणून टोकत नाही. आपण स्वतःला आठ दिवस पण देत नाही राव. पहिले तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं नुसतं ऐका, तेच तेच छोटं संभाषण, अर्थ माहीत करून घेऊन.

पण नुसत्या मोबाइलवर भागत नाही. बाळं भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग छापला होता, चिनी बोलणारं माणूस समोर बसून खेळलं तर बाळांचे कान चिनी आवाजांना तयार झाले, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच नाही. आपण बाळ नाही हे मान्य, तरी माणूस शोधाच. जुन्या नाशकात विचारलंत तर गल्फला राहून आलेलं कोणी ना कोणी भेटतंच. फक्त एक बघा, बऱ्याच जणांची अरबी कामाच्या साइटवर शिकलेली, तुटकी असते, "मा फी मालूम" टाइप (मा फी म्हणजे नाही, आपली माफी नव्हे). ती कामापुरती चालते, पण तुमचं काम गिऱ्हाइकाशी असेल तर तिचीच सवय लावून घेऊ नका.

आवाजांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गोची तिथेच आहे. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं आपला त आणि ट वेगळा ओळखतात, आणि वर्षाची होईपर्यंत ते कमी होत जातं. तसंच आपलं अरबीतल्या दोन ह बद्दल होतं. एक आपला साधा ह. दुसरा चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना येतो तो घशातला हाऽ. रोज आरशावर वाफ सोडून सराव करा, घरचे हसतील, हसू द्या. अक्षर दुप्पट झालं की अर्थ पण बदलतो. हमाम म्हणजे कबुतरं, हम्माम म्हणजे बाथरूम. मी कुवेतच्या मित्राला व्हॉइस नोटवर विचारलं की बाथरूम कुठेय, त्याचं उत्तर आलं, छतावर बघ, दाणे टाक.

आणि चुकायला लाजू नका. शेजारचा तीन वर्षांचा पोरगा "मी करलं" म्हणतो, कोणी शिकवलं नाही त्याला, पडलं-बसलं ऐकून त्याने स्वतःच नियम काढला. डोकं चालू आहे म्हणूनच ती चूक होते.

आता आपल्याकडे बाळापेक्षा जास्त काय आहे, तर मराठी. हिशोब, तारीख, वकील, हजर, खबर हे सगळे मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. त्यात क-त-ब सारखी तीन अक्षरांची मुळं एकदा कळली की किताब पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतब ऑफिस, एकातून तीन शब्द सुटतात. "हा माझा भाऊ" मध्ये आपण "आहे" खातो ना, तिकडेही हादा अखूय, बास. आलास-आलीस आपल्याला सवयीचं आहे, त्यामुळे पुरुषाला इंता आणि बाईला इंती हे पण जड जात नाही.

व्याकरणाचं पुस्तक चौथ्या महिन्यानंतर उघडा, तोवर शब्द सुटे न घोकता आख्खी वाक्यं. बोलायला लागलात की पहिल्या आठवड्याला एवढी पुरेत: श्लोनक, शिनू हादा म्हणजे हे काय, बचम म्हणजे केवढ्याला, अबी माय म्हणजे पाणी हवंय, आणि वेन अल-हम्माम. शेवटचं म्हणताना म वर नीट जोर द्या.