समुद्रावर ड्रोन: चकाकीला पोलरायझर, शटरला एनडी

मालवण-तारकर्लीला ड्रोन नेणारे बरेच जण एनडी फिल्टरांचा संच घेऊन जातात आणि मग पाण्याखालचे खडक दिसत नाहीत म्हणून खट्टू होतात. एनडी म्हणजे नुसती काळी काच. ती सगळा प्रकाश सारखाच कमी करते. पाण्यावरची चकाकी काढून तळ दाखवायचं काम पोलरायझरचं, म्हणजे सीपीएलचं. तेही पाणी नितळ असेल तरच. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी आलेला गढूळपणा कुठलीच काच निवळवत नाही.

सीपीएलचा सगळा खेळ कोनाचा आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांचा कोन असेल तेव्हा त्याचा परिणाम सर्वांत जास्त. म्हणून गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची चौकट) क्षितिजापासून 35 ते 40 अंश खाली झुकवा. चौकटीच्या मधल्या पट्ट्यात पाणी आरपार दिसू लागतं. वर क्षितिजाकडे परिणाम विरत जातो, आणि कॅमेरा थेट खाली केला तर मधोमध जवळजवळ काहीच उरत नाही. मेच्या सुरुवातीला मालवणात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पाण्यात सूर्याचा लखलखाटच दिसणार, फिल्टर कोणताही लावा. अशी दृश्यं सकाळी नऊच्या सुमारास घ्यावीत.

विकत घेताना कडं फिरणारा सीपीएल घ्या. उडवण्याआधी तो हातात धरून, कॅमेऱ्याकडे येणारी बाजू डोळ्याशी ठेवून, ओल्या पुळणीकडे किंवा पाण्याकडे तिरकं पाहा. उलटा धरलात तर फरक कळणारच नाही. चकाकी नाहीशी होईपर्यंत काच फिरवा, कड्याच्या वरच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि ठिपका वरच राहील असा फिल्टर बसवा. मग ड्रोन कुठेही वळला तरी पाण्यापुरतं बिघडत नाही, कारण गिंबल कॅमेरा आडवा ठेवतो. काही ड्रोनमध्ये उभ्या व्हिडिओसाठी कॅमेराच 90 अंश फिरतो. त्याबरोबर फिल्टरही फिरतो आणि चकाकी जायच्या ऐवजी उठून दिसते. तेव्हा ठिपका पाव फेरा फिरवून घ्या. आकाशाची गोष्ट वेगळी: तिथे सूर्याच्या दिशेप्रमाणे परिणाम बदलतो, त्यामुळे पॅनोरमात, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेल्या रुंद चित्रात, निळे-काळे डाग पडतात. पॅनोरमाला सीपीएल काढाच. सूर्यास्तालाही काढा, नाहीतर पाण्यावरचं सोनं तोच पुसून टाकतो.

आता एनडी. तो व्हिडिओसाठी, फोटोंना सहसा नकोच. हालचाल सहज दिसावी म्हणून सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओला शटर 1/50 सेकंद लागतं, 30 ला 1/60; भर उन्हात एवढा वेळ उघडं ठेवायचं तर प्रकाश कमी करावा लागतो. एनडी कोणता, हे ठरवायचा सोपा हिशेब असा: फिल्टर न लावता आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) 100 वर ठेवून कॅमेरा कोणतं शटर मागतो ते पाहा आणि त्या आकड्याला 50 ने भागा. 1/3200 आलं तर एनडी 64, म्हणजे प्रकाश 64 पट कमी करणारा; 1/800 आलं तर 16. लेन्सला एफ 1.7 सारखी मोठी, न बदलणारी छिद्रं असलेल्या ड्रोनना भर उन्हात 1/6400 सुद्धा लागतं, म्हणजे एनडी 128. सीपीएल स्वतःच एक ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), दोन्ही एकाच काचेत हवे असतील तर तेवढा एनडी हलका घ्या. एनडी-पीएल अशा जोडफिल्टरवरचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. एकदा लावून, एकदा काढून शटर पडताळलं की खरा आकडा कळतो. फिरवून गडद-फिका होणारा व्हेरिएबल एनडी मात्र टाळा. तो दोन पोलरायझरांचाच बनलेला असतो, गडदपणा बदलताना चकाकीही बदलते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्राच्या रंगछटेची सेटिंग, 5600 केल्व्हिनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवला तर पुळणीवरून समुद्राकडे जाताना रंग चालू चित्रणातच सरकतो.

फिल्टर आपल्या ड्रोनच्या मॉडेलसाठीचाच घ्या आणि ड्रोन बंद असताना बसवा. एकावर एक दोन लावू नका. वजनाने गिंबलची मोटर थकते, चित्र थरथरतं किंवा गिंबलवर ताण आल्याची सूचना येते. 249 ग्रॅमच्या ड्रोनवर काच आणखी एका कारणाने तोलून पाहावी: आपल्याकडे 250 ग्रॅमपर्यंतच ड्रोन नॅनो या सर्वांत हलक्या वर्गात मोडतो. त्या जागी उडवायला मोकळीक आहे का, हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आधीच बघा.

एसीच्या गाडीतून काढलेल्या काचेवर दमट हवेत लगेच बाष्प धरतं. पिशवी उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबा. परतल्यावर खारा थर कोरड्या कपड्याने पुसू नका, मिठाचे कण काच ओरखडतात. फिल्टर काढून आधी डिस्टिल्ड पाण्याचे थेंब सोडा, मीठ विरघळू द्या, मग मायक्रोफायबरने हलकेच टिपा.