ऑडिटच्या आधी: कागद आणि काम जुळवताना

आयएसओ प्रमाणपत्राच्या ऑडिटला दोन-अडीच महिने उरले असतील, तर मास्टर लिस्टची, म्हणजे सगळ्या दस्तऐवजांच्या आणि त्यांच्या चालू रिव्हिजनच्या यादीची, प्रिंट हातात घ्या आणि ऑफिसातून बाहेर पडा. प्रत्येक मशीनपाशी, स्टोअरमध्ये, लॅबमध्ये जिथे जिथे कागद चिकटवलेला, टांगलेला किंवा खणात ठेवलेला दिसेल, तिथे त्याचा नंबर आणि रिव्हिजन यादीशी ताडून बघा. माझ्या अनुभवात निम्मी तयारी या एका फेरीत होते.

एकदा अशाच फेरीत एका प्रेसवर लॅमिनेट केलेली वर्क इन्स्ट्रक्शन दिसली. यादीत रिव्हिजन 5, तिथे रिव्हिजन 3. शिवाय प्रेशरचा छापील आकडा खोडून वर मार्करने दुसरा लिहिलेला, आणि ते मार्करचं अक्षरही अर्धं पुसलेलं. मी तो कागद काढायलाच निघालो होतो, पण ऑपरेटरला विचारलं तेव्हा कळलं की सील बदलल्यापासून छापील प्रेशरवर माल नीट येत नव्हता. रिव्हिजन 5 मध्येही जुनाच आकडा होता! म्हणून असा कागद दिसला की आधी विचारा, मग काढा. बदल खरा असेल तर तो तपासून, त्यातला धोका पाहून, मंजुरी घेऊन नव्या रिव्हिजनमध्ये आणा. आयएसओ 45001 या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या मानकात कामगारांच्या सहभागासाठी 5.4 हे वेगळं कलम आहे, आणि तो सहभाग बैठकीच्या सह्यांपेक्षा अशा ठिकाणी जास्त दिसतो.

मग यादीला कात्री लावा. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2008 च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती आणि क्वालिटी मॅन्युअल सक्तीचं होतं. 2015 च्या आवृत्तीत दोन्हींची सक्ती नाही. स्कोप, पॉलिसी आणि उद्दिष्टं मात्र लेखी हवीतच. बाकी किती लिहायचं, हे काम किती गुंतागुंतीचं आहे आणि माणसं किती तयार आहेत यावर ठरतं. कोणी उघडतच नाही अशी एसओपी (कामाची ठरवून दिलेली लेखी पद्धत) पाळली जात नाही, आणि न पाळलेली एसओपी म्हणजे हातानं ओढवून घेतलेली एनसी, ऑडिटरनं नोंदवलेली त्रुटी. उरलेल्या प्रत्येक दस्तऐवजावर नाव, नंबर, रिव्हिजन, तारीख, कोणी तयार केला आणि कोणी मंजूर केला हे असू द्या. काय बदललं त्याची एक ओळही हवी. ती नसली की वर्षभरानं कोणालाच आठवत नाही.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते काम. एकाच कामाची क्वालिटीची एसओपी आणि सेफ्टीची सूचना एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या विभागांनी लिहिलेल्या असतात आणि पुष्कळदा त्या एकमेकींशी बोलतच नाहीत. एकीत असतं, ‘रोलर हळू वेगात फिरवत पुसून घ्यावा’. दुसरीत, ‘साफसफाईआधी मशीन बंद करून लॉकआउट-टॅगआउट करावे’, म्हणजे कोणी चुकून मशीन चालू करू नये म्हणून स्विचला कुलूप आणि पाटी लावावी. कामगारानं कोणतं पाळायचं? माल वेळेत द्यायची घाई असते, त्यामुळे तो पहिलंच पाळणार, आणि हात त्याचा जाणार. अशी एकही जोडी सापडली तर नव्या कागदांच्या छपाईची बाकी सगळी कामं थांबवून आधी ती सोडवा. शक्यतो दोन्ही सूचना एकाच कागदावर आणा. सोबत धोक्यांचं रजिस्टर उघडा. जिथे उपाय म्हणून फक्त ‘हातमोजे वापरा’ असेल तिथे पुन्हा विचार करा: धोका काढून टाकता येतो का, पर्यायी पदार्थ वा पद्धत आहे का, गार्ड बसवता येतो का, कामाची पद्धत बदलता येते का? हातमोजे या क्रमात सगळ्यात शेवटी येतात.

बाहेरून आलेले कागद विसरू नका: ग्राहकाची ड्रॉइंग्ज, मशीनची मॅन्युअल्स, लागू असलेले कायदे, रसायनांच्या सेफ्टी डेटा शीट्स. शीट 16 विभागांची असते. ड्रमपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं प्रथमोपचार आणि सांडल्यावर काय करायचं एवढं तरी त्याच्या भाषेत, एका पानात हवं.

रेकॉर्ड मागच्या तारखेनं भरू नका. फायर ड्रिल राहिली असेल तर या आठवड्यात घ्या आणि खरी तारीख लिहा. ऑडिटच्या पहिल्या टप्प्यातच ऑडिटर अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू कुठवर आलेत ते बघतो, म्हणून दोन्ही आधी उरका. करेक्टिव्ह ॲक्शनमध्ये (चूक पुन्हा होऊ नये म्हणून केलेल्या उपायात) ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहिलेलं असेल तर मूळ कारण अजून सापडलेलं नाही. फाइल पुन्हा उघडा.

शेवटी जुन्या प्रती. प्रत्येक रद्द रिव्हिजनची एक प्रत ‘रद्द’ शिक्का मारून ठेवा, बाकीच्या फाडा. सर्व्हरवरचं फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा. आणि शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरांना त्यांच्या मोबाइलमधले एसओपीचे फोटो काढून टाकायला सांगा. रिव्हिजन 3 तिथेही असते.