खाऱ्या हवेत गंजलेले पिकअपचे मागचे पाटे, शॅकल आणि यू बोल्ट कसे बदलायचे

आमची बोलेरो पिकअप २००९ ची आहे. बहुतेक वर्ष रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूर, आणि एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण खालून बघितलं की जीव घाबरतो, कारण मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेंब थेंब नेमकं मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) आणि शॅकलवर (पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) पडत राहतं, आणि मीठ एकदा लोखंडावर बसलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे गाडी उन्हात उभी असली तरी पाट्यांच्या मधल्या फटी आतून ओल्याच. किनाऱ्यावर ज्यांच्या जुन्या पिकअप आहेत त्या सगळ्यांची हीच कथा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या कामात काय तोडायचं आणि काय वाचवायचं हे पहिला नट खोलायच्या आधी ठरलेलं पाहिजे. यू बोल्ट (पाटा मागच्या ॲक्सलला आवळून धरणारे), सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा), बुश (पाट्याच्या टोकातला रबरी तुकडा), शॅकल, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) हे सगळं नवीन मिळतं, ते कापून काढलं तरी काही बिघडत नाही. वाचवायचं ते चासीवरचे हँगर (पाट्याची टोकं धरणारे कान), हाउसिंगवरची (मागच्या ॲक्सलच्या नळीवरची) पाट्याची सीट, ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा उलटं केलं, जाम झालेला शंभर-दोनशे रुपयांचा बोल्ट वाचवायला घणाने ठोकत बसलो आणि हँगरचा कान वाकवला, मग तो सरळ करायला गाडी चासीचं काम करणाऱ्याकडे न्यावी लागली आणि चार दिवस गेले. आता बोल्ट हलला नाही की ग्राइंडर काढतो.

काम कधी काढायचं? आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गाडी तशीही उभी असते, तेव्हा काढा. फक्त पाऊस असतो म्हणून वर पत्रा आणि खाली कोबा पाहिजे. मातीवर जॅक लावून गाडीखाली शिरायचं नाही, भिजलेल्या मातीत जॅक बसत जातो आणि कळतही नाही.

आता तपासणी. गाडी खालून प्रेशरने गोड्या पाण्याने धुवा, एक दिवस वाळू द्या, मग हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जा. हँगर जिथे चासीला रिपीट मारून बसवलाय तिथे आजूबाजूला हातोडीने हलकं ठोका. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आतून सडलेल्याचा भद्द येतो. भद्द आला तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, आत गेलं किंवा पापुद्रे निघाले तर पार्ट आणायला जाऊ नका, आधी चासीचं काम करून घ्या, कारण नवे पाटे सडलेल्या हँगरवर लावले तर घाटात पूर्ण माल भरलेला असताना हँगरच चासी सोडतो. वरून पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून झाकायचा सल्ला देणारे खूप भेटतील, ऐकू नका.

पाट्यांकडे बघताना बाजूने बघा. दोन पाट्यांच्या मधे गंज फुगून पाटे एकमेकांपासून उचललेले दिसतात, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून. वरून तांबूस झाला म्हणून पाटा बाद होत नाही, पण गंजाने खड्डे पडले असतील, नख अडकेल एवढे, तर तो बाद समजा, कारण पाटा वाकून सरळ होताना चीर त्या खड्ड्यातूनच सुरू होते. बऱ्याचदा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो आणि यू बोल्टखाली झाकलेला असल्यामुळे दिसत नाही. गाडी एका बाजूला झुकलेली असेल किंवा मागचं चाक हौद्याच्या मधोमध न दिसता थोडं मागे-पुढे दिसत असेल तर सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग सरकलंय असं धरून चाला.

पार्ट आणायला जाताना जुन्या यू बोल्टची तीन मापं घ्या: दांड्याची जाडी, दोन पायांमधलं आतलं अंतर आणि पायाची लांबी. एकाच मॉडेलला सुद्धा कुणी आधी पाटा वाढवला असेल तर लांबी वेगळी लागते. शक्यतो जुना एक सोबतच न्या. दुकानदार नट वेगळे देतो म्हणाला तर घेऊ नका, यू बोल्टचे जे उंच नट येतात तेच पाहिजेत. पाटे दोन्ही बाजूंचे जोडीने बदला, एकच बाजू बदलली की गाडी कायमची एका अंगाला कलते. आणि जुना यू बोल्ट परत लावायचा नाही, कितीही चांगला दिसू दे. तो घट्ट करताना ताणला जातो, त्या ताणामुळेच पकड धरतो, दुसऱ्यांदा तीच पकड मिळत नाही.

खोलायच्या तीन दिवस आधीपासून सुरुवात करा. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा गंज आणि माती काढा, मग रोज सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचा स्प्रे मारा. स्प्रे महाग वाटत असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून मारा, आमचे मेस्त्री हेच वापरतात, फक्त आगीपासून आणि रंगापासून लांब ठेवा आणि मारताना दर वेळी बाटली हलवा. ब्रेकचे पाइप जिथे हाउसिंगवर येतात तिथले नट खोलायची गरज नसते, त्यांना हात लावू नका. पाइप गंजून फुगलेला दिसला तर तो याच वेळी बदलून टाका, पण ते वेगळं काम म्हणून करा आणि हवा नीट काढा.

कामाच्या दिवशी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून उट्या लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. मागची चाकं जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा आटा सैल करा. मग बाटली जॅकने चासी उचलून दोन्ही बाजूला हँगरच्या पुढे चासीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. घोड्याच, विटा किंवा दगड नाही, वीट भार आला की एकदम फुटते. दुसरा जॅक हाउसिंगखाली लावून ठेवा, तो हाउसिंग वर-खाली करायला शेवटपर्यंत लागणार आहे. चासी एवढी उचला की पाटा पूर्ण सैल होऊन लटकेल. एका वेळी एकच बाजू खोला. दोन्ही एकदम खोलल्या तर हाउसिंग फिरतं, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो आणि परत जागेवर आणायला चार माणसं लागतात.

पहिला शॉकअप काढा. खालचा नट बहुतेक वेळा निघत नाही, पाना फिरवला की गोल होतो. शॉकअप टाकूनच द्यायचा असेल तर वेळ घालवू नका, नट पिनेच्या लांबीच्या दिशेने उभा कापा आणि छिन्नी मारून फोडा, आतली पिन वाचते.

मग यू बोल्टचे नट. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने ताकद लावा, कट्ट असा आवाज आला की गंजाची पकड सुटली, मग उलटं फिरवा, अडकलं की परत पुढे, परत मागे. पान्याला लांब पाइप घालून एका दमात काढायला गेलात तर बोल्ट पिळून तुटतो आणि पाना सटकून हात चासीवर आपटतो. नाहीच निघाला तर चार इंची ग्राइंडरला पातळ डिस्क लावून यू बोल्टचे पाय कापा. कापायच्या आधी ब्रेकचा पाइप आणि केबल ओल्या गोणपाटाने झाका, डिझेलची टाकी कुठल्या बाजूला आहे बघून ठिणग्या उलट्या दिशेला जातील असं उभं राहा, बाजूला पाण्याची बादली ठेवा आणि डोळ्याला चष्मा. गॅसने गरम करून काढायची सवय बऱ्याच गॅरेजमध्ये असते. टाकून द्यायच्या नटाला गॅस लावला तर चालेल, पण पाट्याला नाही, कधीच नाही. पाट्याचं स्टील पाणी देऊन कडक केलेलं असतं, लाल होईपर्यंत तापवलं की त्या जागेचं पाणी उतरतं आणि मग तो पाटा तिथेच बसतो नाहीतर तुटतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवणं हाही तोच प्रकार, दोन दिवसांत शेजारून तुटतो.

यू बोल्ट निघाले की खरी झुंज सुरू होते, पुढचा हँगर बोल्ट आणि मागचा शॅकल. इथे होतं काय की नट सुटतो पण बोल्ट बाहेर येत नाही, कारण बोल्ट रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेला असतो, तुम्ही ठोकत बसता आणि रबर सगळा मार गिळत राहतं. बोल्टचं डोकं फिरवून बघा. डोक्याबरोबर रबर पण पिळलं जातंय असं दिसलं तर बोल्ट नळीला चिकटलाय, पुढे ठोकू नका. हँगरचा कान आणि पाट्याचा डोळा (टोकाचा गोल वळवलेला भाग) यांच्यामधल्या फटीत डिस्क घालून दोन्हीकडून बोल्ट कापा. फट अगदी कमी असते, कानाला डिस्क लागू देऊ नका, घाई करायची जागा ही नाही, दोन बोल्टला मला एक-एक तास लागलाय. कापताना रबर जळून धूर येतो म्हणून तोंडाला फडकं बांधा आणि मधे मधे थांबा. पाटा सुटताना तोंड त्याच्या खाली नको, पाट्याचा एक पूर्ण संच एका माणसाने झेलायची गोष्ट नाही.

जुन्या संचातले काही पाटे चांगले आहेत म्हणून तोच खोलून वापरायचा असेल तर सेंटर बोल्ट काढायच्या आधी दोन्ही बाजूला मोठे सी क्लॅम्प आवळून घ्या. पाट्यांची कमान वेगवेगळी असते, ते एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, बोल्ट सुटला की उसळतात. क्लॅम्प हळूहळू सैल करायचे.

आता साफसफाई, आणि यालाच मी सगळ्यात जास्त वेळ देतो. हाउसिंगवरची सीट, हँगरच्या आतल्या बाजू, शॅकलचं भोक, सगळं तारेच्या ब्रशने पांढरं होईपर्यंत घासा, कोरडं करा, झिंकवाला प्रायमर मारा आणि वाळू द्या. सीटवर गंजाचे पापुद्रे राहिले आणि तुम्ही वरून यू बोल्ट आवळले, की पापुद्रे हळूहळू चुरा होतात आणि महिन्याभरात यू बोल्ट आपोआप सैल. रंगाचा जाड थर पण तिथे नको, त्याच कारणाने.

बसवताना रबरी बुशला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून मऊ होतं. साबणाचं पाणी लावून दाबा, प्रेस नसेल तर आटेवाला लांब दांडा, दोन जाड वॉशर आणि योग्य मापाचा बॉक्स पाना घेऊन ओढून बसवता येतो. बोल्टला मात्र, म्हणजे नळीच्या आत जो जातो त्याला, भरपूर ग्रीस लावा, पुढच्या वेळी तोच हाताने निघेल. तुमच्या गाडीला ग्रीस निपलवाली पिन असेल तर दुसऱ्या टोकातून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.

पाटा चढवून हँगर आणि शॅकलचे बोल्ट नुसते हाताने घट्ट करून सोडा. हाउसिंगखालचा जॅक हळूहळू वर घ्या आणि सेंटर बोल्टचं डोकं सीटच्या भोकात बसलंय हे बोट घालून तपासा, नुसतं वरून बघून नाही. मग यू बोल्ट, चारही नट आलटून पालटून तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा, शेवटी चारही पायांना नटाच्या बाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. शेवटचं माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), अंदाजाने नाही.

चाकं लावा, गाडी खाली उतरवा, हौद्यावर दोघे-तिघे चढून चार वेळा दाबा, आणि आता, गाडीचा भार चाकांवर असताना, हँगर आणि शॅकलचे रबरी बुशवाले बोल्ट पूर्ण घट्ट करा. ही पायरी बरेच जण चुकवतात. पाटा लटकत असताना बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पकडलं जातं, मग गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवीन शॉकअप लावायच्या आधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून ओढून घ्या, आतली हवा वर जाते. शेवटी टेपने दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, पुढच्या हँगर बोल्टपासून हाउसिंगच्या मधापर्यंत, दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

एक पाटा वाढवू का असं मला बरेच जण विचारतात. जुन्या गंजलेल्या चासीवर नको. पाटा वाढवला की धक्का मुरत नाही, तो थेट हँगरवर जातो, आणि काही गाड्यांना मागच्या भारावर ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह हाउसिंगला जोडलेला असतो, त्याचं गणित पण बिघडतं. गंज लागू नये म्हणून पाट्यांवर जळकं इंजिन ऑइल मारणं मी बंद केलंय, ते बुश खातं, ड्रमवर गेलं तर ब्रेक धरत नाहीत. त्याऐवजी ग्रॅफाइट ग्रीस पाट्यांच्या फटीत ब्रशने भरा, आणि मासळीच्या प्रत्येक फेरीनंतर पाटे आणि हँगर खालून गोड्या पाण्याने धुवा. हौद्याला मागच्या टोकाला एक भोक पाडून खाली टाकी लावा, सगळ्या फटी बुजवा, म्हणजे बर्फाचं पाणी पाट्यांवर पडणार नाही आणि घाटात वळणावर सांडून मागच्या दुचाकीवाल्याचा जीवही जाणार नाही.

पहिले ५० ते १०० किलोमीटर झाले की यू बोल्ट परत टॉर्क पान्याने बघा, ५०० ला परत एकदा. नट थोडे फिरतातच, पाटे एकमेकांवर बसतात म्हणून. मग प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा, नट हलला की रेघ तुटलेली लगेच दिसते. मी डिझेल भरायला थांबलो की आधी वाकून त्या आठ रेघा बघतो, मगच नळी घ्यायला सांगतो.