व्यायामात किती कॅलरी जळल्या? हिशेबातल्या या चुका टाळा

सकाळची बॅच संपली की लोक पाण्याच्या बाटलीआधी मनगट बघतात. "मॅडम, आज साडेपाचशे!" बारा वर्षं मी बॅच घेतेय आणि त्याच त्या चुका रोज बघतेय. आकड्याशी माझं वैर नाही, मी स्वतः वहीत लिहून ठेवते. पण तो अंदाज आहे हे विसरून त्यावर जेवणाचा हिशेब बसवला की केलेली मेहनत पाण्यात जाते, आणि ते मला बघवत नाही.

घड्याळात दुसऱ्याचं वजन, आणि त्याच आकड्यावर खाणं

माझ्या बॅचमधल्या एक काकू रोज तासभर भरभर चालायच्या. आठवड्याचे सहा दिवस, खाडा नाही. तीन महिन्यांनी वजन दोन किलो वाढलं. "थायरॉईडच असणार," म्हणून त्यांनी तपासण्या केल्या. सगळ्या नॉर्मल आल्या. मग एक दिवस मी त्यांचं घड्याळ हातात घेतलं. ते मुलाचं जुनं घड्याळ होतं. प्रोफाइलमध्ये वजन ९४ किलो, वय २७, पुरुष. काकूंचं वजन तेव्हा ५८.

आता गणित बघा. व्यायाम किती जोराचा आहे ते 'मेट' या मापात मोजतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचा १ मेट, म्हणजे किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी (बोलताना आपण तिलाच 'कॅलरी' म्हणतो). ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने चालणं साधारण सव्वाचार मेटचं. ९४ किलोला ४०० कॅलरी होतात, घड्याळ तेच दाखवत होतं. ५८ किलोला होतात २४६. त्यातूनही ५८ वजा करायच्या, कारण तेवढ्या त्या तासात सोफ्यावर बसूनही जळल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई उरली १८८. आणि काकू "चारशे जाळल्या" म्हणून संध्याकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खात होत्या, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. रोजच्या दोनशे कॅलरी जास्त, आठवड्याला बाराशेच्या पुढे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी धरतात. तेरा आठवड्यांचे दोन किलो बरोब्बर जमतात.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्या प्रामाणिकपणे चालत होत्या, हिशेब चुकीच्या माणसाचा होत होता. म्हणून घड्याळ घेतलं की पहिल्या दिवशी वजन, उंची, वय आणि लिंग स्वतः तपासा. परदेशातून कोणी पाठवलं असेल तर वजन किलोत आहे की पौंडात, तेही बघा. घड्याळात 'एकूण' आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असे दोन आकडे येत असतील, तर व्यायामासाठी अ‍ॅक्टिव्हचाच धरायचा.

एवढं करूनही आकडा पक्का होत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणं ६० जणांवर तपासली. सातपैकी सहांनी हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. मी घड्याळाच्या आकड्यातून सरळ एक तृतीयांश कापते. हे शास्त्र नाही, माझी सवय आहे.

ट्रेडमिलचा दांडा धरून चढ चढणं

हे दिसलं की मला राहवत नाही. चढ दहावर, वेग सहावर, आणि माणूस पुढचा दांडा घट्ट धरून मागे लटकलेला. बोटांची पेरं पांढरी पडलेली, पाय नुसते पट्ट्यावरून सरकताहेत. मागे रेललं की शरीर पट्ट्याशी काटकोनात येतं आणि बराचसा चढ नाहीसा होतो, वजनही हात पेलतात. यंत्राला यातलं काहीच कळत नाही. ते वेग आणि चढ बघून आकडा वाढवत राहतं, आणि तुमचं वजन विचारलं नसेल तर कुणाचं तरी वजन गृहीत धरतं. दांडा सोडा. सोडून जमत नसेल तर चढ दहाचा चार करा. चारच्या चढावर हात मोकळे सोडून चाललेलं दहावर लटकण्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण नवीन आलेल्या घाईच्या माणसाला हे पटायला महिना लागतो.

बाकीच्या, थोडक्यात

घाम म्हणजे कॅलरी नाही. व्यायामानंतर काट्यावर कमी झालेलं अर्धा किलो पाणी असतं, दुपारपर्यंत परत येतं. रेनकोट घालून धावू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही.

कडक कॉफी, ऊन, मनावरचा ताण, सगळ्याने ठोके वाढतात. ठोके वाढले म्हणून तेवढ्या कॅलरी जळत नाहीत.

वजनं उचलताना मनगट आवळलं जातं, तेव्हा घड्याळाकडे बघूच नका. किती किलो, किती वेळा, एवढंच लिहा.

खाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये स्वतःला 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलंत तर व्यायाम त्यात आधीच धरलेला असतो. वर पुन्हा वर्कआउट जोडला की तोच व्यायाम दोनदा मोजला जातो.

'एका सूर्यनमस्कारात चौदा कॅलरी' हा मेसेज पुढे पाठवू नका. बारा नमस्कार पाच-सहा मिनिटांत होतात. म्हणजे मिनिटाला जवळपास तीस कॅलरी! ६० किलोचा माणूस ताशी १२ किलोमीटरने पळाला तरी मिनिटाला साधारण बाराच जाळतो. सूर्यनमस्कार उत्तमच आहेत, त्यांना खोट्या आकड्याची गरज नाही.

गडावर जाणाऱ्यांसाठी: ७० किलोच्या माणसाला दर १०० मीटर उंचीला साधारण ६५ कॅलरी लागतात. आतकरवाडीकडून सिंहगड पाच-सहाशे मीटर चढायचा, म्हणजे चढाईच्या साडेतीनशेच्या आसपास. वरच्या पिठलं-भाकरीबरोबर दोन प्लेट कांदाभजी घेतली तर तेवढ्याला पुरत नाही. भजी खा, पण गडाच्या नावावर लिहू नका.

मी काय करते

रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. रोजच्या आकड्याकडे लक्ष देत नाही, आठवड्याची सरासरी वहीत लिहिते. खाणं आणि व्यायाम चार आठवडे तसाच ठेवते. सरासरी जागची हलली नाही तर घड्याळ काहीही म्हणो, जेवढं जाळतेय तेवढंच खातेय. बायकांनी चार आठवडे पूर्ण होऊ द्यावेत, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एक-दीड किलो सहज वाढलेलं दिसतं. त्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीआधीच्या आठवड्याशी करायची.