स्मार्ट किल्लीचा सेल संपल्यावर गाडी कशी उघडावी आणि सुरू करावी

खिशातली किल्ली बाहेरही न काढता जी गाडी रोज उघडते, तिच्या दारावरचे बटण एखाद्या दिवशी कितीही दाबले तरी काहीच होत नाही, तेव्हा माणूस आधी गोंधळतो आणि मग टोइंगवाल्याला फोन लावतो. त्या फोनची बहुधा गरज नसते. किल्लीतला सेल संपला तरी गाडी उघडण्याची आणि सुरू करण्याची सोय कंपनीने करून ठेवलेली असते. ती नेमकी कोठे आहे हे मे महिन्यातल्या भर दुपारी वर्धा रोडवर उभे राहून शोधण्यापेक्षा आज घरीच पाहून ठेवलेले बरे.

किल्लीतला सेल संपला आहे की गाडीची बॅटरी उतरली आहे, हे सर्वांत आधी ठरवावे लागते. नागपूरच्या उन्हात गाडीची १२ व्होल्टची बॅटरीही लवकर थकते आणि दोन्हींचे पहिले लक्षण एकच असते, ते म्हणजे दार न उघडणे. किल्लीवर बारीक दिवा असेल आणि बटण दाबूनही तो लागत नसेल किंवा मिणमिणत असेल, तर संशय सेलवर घ्यावा. दुसऱ्या किल्लीने गाडी ताबडतोब उघडली, तर शंकाच उरत नाही. मात्र धातूच्या किल्लीने दार उघडल्यावरही आतला दिवा लागला नाही आणि डॅशबोर्ड अंधारलेलाच राहिला, तर दोष गाडीच्या बॅटरीचा आहे, आणि तेथे सेल बदलून काही साधणार नाही. कधी कधी दोन्ही ठीक असतात आणि किल्लीला चिकटून ठेवलेला मोबाइल किंवा चार्जरच संदेशात अडथळा आणत असतो, म्हणून त्या वस्तू दूर करून एकदा पाहावे.

दार उघडण्यासाठी स्मार्ट किल्लीच्या पोटात धातूची एक साधी किल्ली दडवलेली असते. कडेची छोटी खिट्टी सरकवून किंवा दाबून धरली की ती ओढून काढता येते. तिचे छिद्र बहुधा चालकाच्या दाराच्या हँडलपाशी असते. पुष्कळ गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या टोपणाखाली झाकलेले असते, आणि त्या टोपणाच्या खालच्या बाजूला असलेल्या फटीत किल्लीचे टोक घालून ते अलगद उचकटावे लागते. अशा रीतीने दार उघडल्यास काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. सोसायटीचा चौकीदार धावत येईल, त्याला येऊ द्यावे. गाडीने किल्ली ओळखली की अलार्म थांबतो.

गाडी सुरू करण्याची युक्ती किल्लीतल्या एका लहानशा चिपवर अवलंबून असते. या चिपला सेलची गरजच नसते. नागपूर मेट्रोचे महाकार्ड स्वतःजवळ वीज नसताना गेटवर टेकवताच ओळखले जाते, तशीच ही चिप गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून लागेल तेवढी ऊर्जा घेते, फक्त त्यासाठी किल्ली कॉइलच्या अगदी जवळ न्यावी लागते. ब्रेक दाबून, आणि मॅन्युअल गाडीत क्लचही दाबून, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत स्टार्टचे बटण किल्लीनेच दाबायचे असते, तर टोयोटात किल्लीची चिन्ह असलेली बाजू बटणाला टेकवायची असते. काही गाड्यांत मात्र ही जागा बटणापाशी नसून कपहोल्डरच्या तळाशी, कन्सोलच्या खणात किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. आपल्या गाडीची जागा मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेली असते. तिचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा, कारण मॅन्युअल नेमके बंद गाडीतच असते.

येथे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते. सेल संपलेली किल्ली आत राहिली आहे हे गाडीला कळत नाही, त्यामुळे एरवी कुलूप लावू न देणारी गाडी या वेळी किल्ली आत ठेवूनच लॉक होऊ शकते. म्हणून सेल बदलेपर्यंत किल्ली हातात धरूनच दार बंद करावे.

सेल बहुधा सीआर २०३२ असतो, पण सीआर २०२५, सीआर २४५० आणि सीआर १६३२ हेही वापरात आहेत. आकड्यांत व्यास आणि जाडी असते: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०३२ च्या जागी २०२५ बसवला तर तो सैल राहतो आणि किल्ली कधी चालते, कधी चालत नाही. सीताबर्डीत किंवा इतवारीत घड्याळवाल्याकडे जुना सेल दाखवून तोच क्रमांक मागावा. धातूची किल्ली काढल्यावर दिसणाऱ्या फटीत कापड गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून हलकेच पिळले की दोन्ही अर्धी ‘कट्’ आवाज करून सुटतात. जुना सेल काढण्यापूर्वी अधिक चिन्ह कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. सेल प्लॅस्टिकच्या काडीने उचलावा, सर्किटला बोट लावू नये, आणि नवा सेल कोरड्या कापडाने पुसून कडेने धरून बसवावा. बहुतेक किल्ल्यांना त्यानंतर पुन्हा जोडणी करावी लागत नाही, त्यामुळे केवळ सेलसाठी कोणी प्रोग्रॅमिंगचे पैसे मागितल्यास आधी गाडी उघडून पाहावी.

उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान सहज ६० अंशांच्या पुढे जाते, म्हणून किल्ली तेथे ठेवू नये. उष्णतेने सेल आतून झिजतो आणि डिसेंबरच्या थंड पहाटे त्याचा अशक्तपणा उघड होतो. काढलेला सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेल्यास तो दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो, तेव्हा थोडाही वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. त्याच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा. कपाटातल्या दुसऱ्या किल्लीचा सेलही तेवढाच जुना असतो, म्हणून तोही त्याच वेळी बदलावा.