फँटसी बेसबॉल: कीपर कोण ठेवायचे आणि कोणाला सोडायचं

फँटसी बेसबॉल म्हंजे खऱ्या प्लेअरची आपली टीम करायची आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर खेळायचं. फेब्रुवारी संपत आला की दरवर्षी तोच घोळ, लीगमध्ये चार कीपर (मागच्या टीममधून पुढच्या सीझनला ठेवायचे प्लेअर) अलाऊड आणि आपल्याकडे सात जण जीव अडकलेले. बहुतेक लोक काय करतात, टीममधले सगळ्यात भारी चार उचलतात आणि मोकळे होतात. मीही दोन-तीन वर्षं हेच केलं आणि मार खाल्ला. बघायचं असतं ते एवढंच की याला ठेवायला मी काय मोजतोय, आणि सोडला तर ड्राफ्टमध्ये, म्हंजे सीझनआधी सगळे प्लेअर वाटून घेतात तेव्हा, तो कितीला जाईल. या दोन्हीत जेवढा फरक तेवढा आपला फायदा, बाकी नाव कितीही मोठं असू दे.

त्यासाठी आधी आपल्या लीगचे नियम नीट वाचा, खरंच वाचा, कारण निम्मे लोक वाचत नाहीत. काही लीगमध्ये मागच्या वर्षी ज्या राउंडला (निवडीच्या फेरीला) घेतला त्याच राउंडची आपली निवड त्याच्यावर जाते, काहींत दरवर्षी एक-दोन राउंड वर सरकतो, ऑक्शनवाल्या (बोली लावून प्लेअर घ्यायच्या) लीगमध्ये मागच्या किमतीत पाच डॉलर वगैरे वाढतात, आणि एक प्लेअर किती वर्षं ठेवता येतो यावरही लिमिट असू शकते. सीझनमध्ये मधेच वेव्हरवरून (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांमधून) उचललेल्याची किंमत काय धरतात हे तर आवर्जून विचारा, सगळ्यात मोठी लॉटरी तिथेच लागते.

आता हिशोब. प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे लिहा, ठेवायची किंमत आणि यंदाचा एडीपी, म्हंजे लोक सरासरी कितव्या पिकला त्याला घेतायत. पण इथे एक गोची आहे, नुसते राउंड मोजू नका. समजा एकाला चौथ्या राउंडच्या किमतीत ठेवता येतोय आणि तो पहिल्या राउंडचा माल आहे, दुसरा विसाव्या राउंडला पडतोय आणि त्याची लायकी तेराव्याची आहे. पहिल्यात तीन राउंडचा फरक, दुसऱ्यात सातचा, म्हणून दुसरा भारी? अजिबात नाही. वरच्या राउंडमध्ये एकेका पायरीत प्रचंड अंतर असतं आणि खाली तेराव्यात काय, विसाव्यात काय, जवळपास सगळे सारखेच. राउंडचे डॉलर करून बघा, ढोबळ मानाने पहिला राउंड ४० डॉलर, चौथा २२, तेरावा ७, विसावा २ धरला तर पहिल्यात १८ डॉलर वाचतायत आणि दुसऱ्यात फक्त ५.

ऑक्शन लीगवाल्यांना अजून एक गणित करावं लागतं ते म्हणजे महागाई. १२ टीम, प्रत्येकी २६० डॉलर, म्हंजे एकूण ३१२० डॉलर. आता सगळ्यांनी मिळून कीपरवर ६०० खर्च केले पण त्यांची खरी किंमत १००० होती असं धरा. मग टेबलावर उरले २५२० डॉलर आणि घ्यायला माल उरला २१२० चा, म्हणजे सगळं साधारण १९ टक्के महाग, ४० चा प्लेअर ४७-४८ ला जाणार. त्यामुळे तुमच्याकडचा ४० वाला ४३ ला ठेवता येत असेल तर तो महाग दिसला तरी स्वस्तच आहे. हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही आणि ते उगाच त्याला सोडून देतात.

आता बॅटर की पिचर (बॉल टाकणारा). किमतीचा फायदा सारखाच असेल तर मी डोळे झाकून बॅटर ठेवतो, कारण पिचरचं कोपर कधी जाईल सांगता येत नाही. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विन्स (टीम जिंकल्यावर पिचरच्या नावावर लागणारे विजय) आणि २८१ स्ट्राइकआउट (बॅटरला थेट बाद करणं) केले होते, मी खुशीत त्याला २०२४ साठी ठेवला, दोन मॅच टाकल्या आणि कोपराची सर्जरी, सीझन खलास. पॉल स्कीन्ससारखा कोणी असेल तर अर्थात ठेवाच, पण विन्सवर भरवसा ठेवून नाही. २०२५ मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले रन, कमी तेवढं चांगलं) १.९७ होता, सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं, आणि विन्स किती, तर दहा, कारण विन टीमच्या बॅटिंगवर पण असते आणि त्याची टीम रनच करत नव्हती. पिचरचं बघायचं तर स्ट्राइकआउट आणि वॉक (चार वाईट बॉलवर बॅटरला फुकट दिलेला बेस) बघा.

क्लोजर (शेवटी येऊन लीड राखणारा पिचर) शक्यतो ठेवू नका. सेव्ह (लीड राखल्याचं श्रेय) नोकरीवर मिळतात, टॅलेंटवर नाही, आणि ती नोकरी एका खराब महिन्यात जाते. शिवाय दर सीझनला मधेच कोणीतरी नवा क्लोजर वेव्हरवर फुकट मिळतोच.

स्टीलबद्दल (पिचर बॉल टाकताना पळून पुढचा बेस घेणं) थोडं, कारण लोक अजून जुन्या भावाने चाललेत. २०२३ ला पिच क्लॉक (बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आला, बेस मोठे झाले, पिचरने किती वेळा फर्स्ट बेसकडे बॉल टाकायचा यावर लिमिट आली, आणि मेजर लीगभरातल्या (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमधल्या) स्टील २४८६ वरून ३५०३ वर गेल्या. म्हणजे पूर्वी २० स्टील करणारा हिरो होता, आता तेवढे बरेच जण करतात, नुसता पळणारा पण बॅट न चालणारा कीपर म्हणून ठेवायची गरज राहिली नाही. आणि पाय दुखावलेल्यांपासून जपून, रोनाल्ड अकुन्याने २०२३ मध्ये ४१ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे) आणि ७३ स्टील केल्या, पुढच्या मे मध्ये गुडघा गेला, परत आला तेव्हा बॅट चालली पण पळणं पूर्वीचं नाही. त्याची किंमत ७३ च्या आठवणीवर लावाल तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

करिअरमधल्या सगळ्यात भारी वर्षाला पण तसंच. कॅल रॅलीने २०२५ ला कॅचर (विकेटकीपरसारखा) असून ६० होमरन मारले, आदल्या वर्षी ३४ होते. ज्याने त्याला खालच्या राउंडला घेतला होता त्याने ठेवायलाच पाहिजे, कॅचर असे मिळतच नाहीत, पण वहीत ६० लिहू नका, ३८-४० लिहा आणि तरी परवडतोय का बघा. ॲव्हरेज अचानक वाढलेलं दिसलं तर बीएबीआयपी (होमरन सोडून मैदानात मारलेल्या बॉलवर किती हिट मिळतात ते प्रमाण) तपासा, मेजर लीगची सरासरी साधारण .२९० ते .३०० असते, एखाद्याचा नेहमी तेवढाच असून एकाच वर्षी .३७० झाला असेल तर त्यात नशिबाचा वाटा मोठा.

राहिले प्रॉस्पेक्ट (मेजर लीगमध्ये अजून न रुळलेले नवे प्लेअर), म्हंजे बाजारात तुरी. जॅक्सन हॉलिडे २०२४ च्या सुरुवातीला सगळ्यांच्या लिस्टमध्ये एक नंबर होता, मेजर लीगमध्ये आल्यावर त्या वर्षी ॲव्हरेज .१८९. मोठा झाल्यावर खेळेलही चांगला, पण तोपर्यंत तुमचा एक स्लॉट अडकतो. वीस-पंचवीस कीपरवाल्या डायनेस्टी लीगमध्ये ठेवा खुशाल, चारच कीपर असतील तर नको, अपवाद फक्त तो शेवटच्या राउंडच्या किमतीत असेल आणि ओपनिंग डेला खेळणार हे नक्की असेल तर.

आणि हिशोब झाल्यावर ठेवण्यासारखे सहा निघाले आणि जागा चारच असतील तर उरलेले दोघे तसेच सोडू नका. ज्याच्याकडे धड दोन पण कीपर नाहीत असा लीगमध्ये एक तरी असतोच, त्याला डेडलाइनच्या आठवडाभर आधी मेसेज टाका, दोन द्या आणि एक चांगला घ्या नाहीतर वरचा पिक मागा. शेवटच्या रात्री विचारलंत तर तो थांबेल, कारण तुम्ही त्यांना सोडणारच आहात हे त्याला पण कळतं.