यूएसबी कॅमेऱ्याचे चित्र अडखळत असेल तर
गोठ्यावर किंवा शेततळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेल्या यूएसबी कॅमेऱ्याचे चित्र अडखळत असेल, तर कॅमेरा बदलण्याआधी त्याचा फॉरमॅट, म्हणजे चित्र पाठवण्याची पद्धत, तपासावा. १२८० बाय ७२० आकाराचे, सेकंदाला ३० फ्रेमचे वाययूवायव्ही फॉरमॅटमधले कच्चे, म्हणजे कॉम्प्रेस न केलेले, चित्रण सेकंदाला सुमारे ५५ मेगाबाइट भरते आणि यूएसबी २.० ची कागदावरची कमाल क्षमताच सेकंदाला ६० मेगाबाइट आहे, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. त्यामुळे बरेच कॅमेरे तेथे १० फ्रेमवर येतात. एमजेपीईजी हा फॉरमॅट निवडल्यास फ्रेम कॅमेऱ्यातच कॉम्प्रेस होऊन येते आणि हा अडसर दूर होतो. बीड-लातूरकडे शेतातली वीज ठरावीक तासच असल्याने रास्पबेरी पाय बॅटरीवर चालवावा लागतो. तेव्हा केबल आखूड व जाड तारेचीच घ्यावी, कारण व्होल्टेज उतरले की कॅमेऱ्याची जोडणी मध्येच तुटते.